डे लिलीला पाणी कोण घालतंय

अण्णा, चिखलीतल्या माझ्या तळमजल्याच्या फ्लॅटपुढे हातभर रुंद मातीची पट्टी आहे. तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, त्या आठवड्यात मी तिथे डे लिलीची आठ रोपं लावली. नर्सरीत तिनंच ती निवडली. "ह्यांच्या कंपनीच्या बागेत असलीच हुती," म्हणाली. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडायला लागली, आधी खालची, मग मधलीसुद्धा. मी निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, दोष शोधून काढणं हेच माझं काम. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, जागा बदलली की दोन-चार पानं जाणारच. थांबा जरा." थांबले. मग पानांच्या मागच्या बाजूला कीड आहे का ते भिंगातून पाहिलं. नव्हती. उपाशी असतील म्हणून खत दिलं. पिवळेपणा वाढतच गेला. शेवटी आईला वाईट वाटू नये म्हणून कामावर जायच्या आधी पिवळी पानं कात्रीनं कापून टाकायला लागले.

एका सकाळी कात्री हातात असतानाच तुम्ही आठवलात. मी चौथीत होते. खंडेनवमीला घरच्यांना कंपनीत सोडायचे; बाकीच्या मुलींना त्यांचे वडील हार घातलेली मशिनं दाखवत होते आणि तुम्ही माळी, म्हणून मला बाग दाखवायला नेलंत. साहेब येणार म्हणून एका कुंडीतली पिवळी पानं मी भराभर खुडते, शाबासकी मिळेल या आशेनं. तुम्ही माझा हात धरता. ओरडत नाही. "पोरी, झाड सांगत हुतं त्याला काय झालंय ते. तू त्याचं तोंडच बंद केलंस." मग माझंच बोट दोन पेरं मातीत खुपसता. "आदी हितं बघायचं."

मी कात्री खाली ठेवली आणि बोट घातलं. माती कसली, चिखल होता, आणि कुजका वास. मी तर एक दिवसाआड पाणी घालत होते, तेही तांब्याभर.

गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत मी खिडकीशी चहा घेऊन बसले. सातला आई बादली घेऊन बाहेर गेली. ओंजळीनं, प्रत्येक रोपाशी वाकून, तिनं पाणी घातलं. बरं वाटलं मला. पावणेआठला ती पुन्हा बादली भरत होती. नऊच्या सुमाराला तिसऱ्यांदा. मी धावतच बाहेर गेले.

"आई, किती वेळा घालतेस? मारलीस तू झाडं!"

"मी कुठं घातलं? सकाळधरनं तहानल्यात बिचारी."

"अगं, तुझं लुगडं बघ!"

तिनं खाली पाहिलं. काठ घोट्यापर्यंत भिजून चिखलानं माखला होता. ती काठाकडे बघतच राहिली. मग बादली हळूच खाली ठेवून म्हणाली, "असं हुतंय खरं आताशा. कुणाला सांगू नको, बाई." डॉक्टरांना सांगावंच लागलं. बाकी फक्त तुम्हाला सांगते आहे. तिच्यावर मी त्या दिवशी जशी ओरडले, तसे तुम्ही कधी ओरडला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. गोळ्यांनी वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. झाडांचं मात्र मागे फिरवता आलं. आम्ही दोघींनी रोपं उपटली. निम्मी मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती, ती कापली. वाळू आणि खडी मिसळून वाफा वीतभर उंच केला. वाफ्याजवळ बसल्यावर आईचे हात काहीच विसरले नव्हते. कुठलं मूळ ठेवायचं ते ती मला सांगत होती. दोन रोपं गेली, सहा राहिली. आता लिलीला पाणी मी घालते. आईला गेटजवळचा मोठा कडुनिंब दिला आहे, त्याला दिवसातून कितीही वेळा घातलं तरी चालतं. वॉचमनलाही सांगून ठेवलंय, "आजी बादली घेऊन आल्या की अडवू नका, आणि गेटाबाहेर गेल्या की मला फोन करा."

उन्हाळा लागला तशी मधून हिरवी पाती आली, मग दांडे, मग कळ्या. या फुलाचं आयुष्य एका दिवसाचं असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून लोंबतं. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी फुलते. आई रोज दार उघडते आणि मला हाक मारते, "अगं, ये की लवकर! पयलं फूल आलं!"

"व्हय गं, पहिलंच," मी म्हणते. आज अकरावं होतं.

हे पत्र माझ्या कंपनीच्या डायरीतच राहील. पण एक कबूल करते, अण्णा. लोकांना वाटेल, तिला दुखवायला नको म्हणून मी तिची चूक दाखवत नाही. तसं नाही. पहिलं फूल बघताना तिचा चेहरा कसा होतो, तो मला उद्याही बघायचा असतो.