शकूचं चाटूनपुसून लख्ख ताट

विटा, मंगळवार, १२ जून १९७३

रेशनवरच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी बघितली की नाक मुरडणारी माझी शकू तीन दिवस ताट चाटूनपुसून ठेवतेय. सहा वर्षांची पोर अशी एकाएकी सुधारते? सासूबाई चोरून गूळ देत असतील! विचारलं, तर म्हणाल्या, "मी न्हाई बाई." मांजराला घालते म्हणावं, तर मांजरही मिलोला तोंड लावत नाही. मग भाकरी जाते कुठं?

आज दाराआडून पाहिलं. ताटातली भाकरी शकूनं गुपचूप दुरडीत परत ठेवली. हात धरला, तर म्हणाली, "आई, तू शेवटाला जेवतीस. तुला कवाच उरत न्हाई."

खरं की बहाणा, देव जाणे. सगळ्यांचा संशय घेतला मी. तीन दिवस माझं पोट भरतंय, ते कसं, हे मात्र विचारलं नाही.