ठरलेली सीट

सर,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेजवळ पलसाण्याच्या मिलमध्ये, रंगांच्या लॅबमध्ये होते. फोन पुण्याहून होता, शाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा. ती रडत होती. मी "अरेरे" म्हटलं आणि हातातला कापडाचा तुकडा पुन्हा उजेडाला धरून शेड जुळते का ते बघत राहिले. तुमच्या घरी आले नाही, शोकसभेलाही नाही. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्याशी मनातल्या मनात इतकी भांडले आहे, की आज म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू.

तुम्ही फार चांगलं शिकवायचात. हे आधी लिहिते, कारण राग त्याचाच जास्त आहे. एखाद्या वाईट शिक्षकाचं बोलणं मी केव्हाच विसरले असते. आपल्या त्या मराठी शाळेत, मिलकामगारांच्या पोरांनी भरलेल्या वर्गात, तुम्ही भूमितीचं सगळ्यात अवघड उदाहरण फळ्यावर लिहायचात आणि खडू माझ्यापुढे धरायचात. "ये, सोडव. घाई करू नकोस." मी फळ्यापाशी उभी आहे, मागे वर्ग गप्प आहे आणि तुम्ही खिडकीला टेकून वाट बघताय. माझी वाट त्याआधी कुणी बघितली नव्हती. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. गणित तेवढं मी तुमच्या भाषेत शिकले.

दहावीचा निकाल लागला, मी शाळेत पहिली आले. अठवागेटजवळचे एक क्लासवाले तुमच्या शब्दावर दरवर्षी आपल्या शाळेतलं एक मूल फुकट घ्यायचे, इंजिनिअरिंगच्या मोठ्या परीक्षेच्या तयारीसाठी. ती जागा पहिल्या येणाऱ्याची, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. मी वेणी पुन्हा घट्ट करून आले.

"क्लासची जागा मी यंदा तिला देतोय," तुम्ही म्हणालात. ती म्हणजे दुसरी आलेली, माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण. वडील बँकेत ऑफिसर.

"पण सर, पहिली तर मी..."

"अगं, तुला क्लास कशाला? तुझी सीट ठरलेलीच आहे. ओपनमधून झगडावं लागणार ते तिला."

रागानं बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हसून बोललात, माझ्या भल्याची बातमी दिल्यासारखं. शेजारचे दोन शिक्षकही हसले. मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर आले. घरी आप्पांना सांगितलं, तर त्यांना वाईट वाटायचं सोडून आनंदच झाला. जळगावकडचं गाव सोडून ते सुरतेला आले ते डाइंगच्या कामाला. दिवसभर रंगाच्या वाफेत उभे राहायचे. म्हणाले, "गुरुजी म्हणतस म्हणजे खरंच व्हई. आपला हक शे तो, भीक नही." तुमच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता, सर.

बारावीला मार्क चांगले पडले. आप्पांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या खिडकीशी गेलो. आप्पांच्या गावच्या तहसीलचा जातीचा दाखला मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. कारकुनानं तो उलटसुलट केला.

"बेन, आ तो महाराष्ट्रनुं छे. अहीं नहीं चाले."

"मारो जन्म सुरतमां थयो छे," मी म्हटलं.

"जन्म नहीं, बापनुं वतन जोवाय."

माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं: बाहेरून आलेल्यांच्या मुलांना या राज्यातल्या राखीव जागा नाहीत, इथली शिष्यवृत्तीही नाही. हा दाखला चालतो तो केंद्राच्या कॉलेजांना. म्हणजे त्या मोठ्या परीक्षेतून. जिची तयारी तुमचे क्लासवाले करून घ्यायचे, आणि जिचा फॉर्मही मी भरला नव्हता, कारण माझी सीट ठरलेली होती. पुढच्या आठवड्यात आप्पा मला घेऊन जळगावला गेले. तिथल्या कॉलेजात म्हणाले, मुलगी शिकली गुजरातमध्ये, तिकडेच बघा. सुरत स्टेशनवर उतरल्यावर आप्पा म्हणाले, "गुरुजींना विचारू. त्यांना ठाऊक असेल."

म्हणून आम्ही तुमच्या घरी आलो. तुम्ही झोपाळ्यावर बसला होतात. आप्पा उभेच राहिले, मग मीही. आप्पांनी सगळं सांगितलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात.

"असं असतं होय? मला काय कल्पना! मला वाटलं, तुम्हा लोकांना सगळं मिळतंच."

"आता काय करावं, गुरुजी?"

"आता ओपनमधून मिळतंय का बघा. आमची मुलं बघतातच की."

आप्पांनी तुम्हाला हात जोडले. जिना उतरताना मी भांडले त्यांच्याशी, हात कशाला जोडले म्हणून. ते म्हणाले, "बाई, त्यांनी तुला शिकवलं ना?" आणि सायकल काढायला लागले.

ओपनच्या यादीत माझं नाव थोडक्यात राहिलं. मी बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन, पूर्ण फी भरून. आप्पांनी त्यासाठी डबल पाळ्या केल्या आणि त्यांची छाती त्या वाफेतच गेली. मी ज्या मिलमध्ये नोकरीला लागले ती त्यांच्या मिलपासून दोन फाटकं पुढे. पहिल्याच महिन्यात लॅबमधला एक जण चहा पिता पिता म्हणाला, "तुमचं बरं असतं मॅडम, कोट्यातून येता." खाजगी मिलमध्ये कसला कोटा, सर? मी चहा संपवून कामाला लागले. कॉलेजात ऐकलं, नोकरीत ऐकलं, लग्नाच्या बोलण्यांत ऐकलं. माणसं घेतलेल्या गोष्टीचे टोमणे खातात. मी न मिळालेल्या जागेचे खाल्ले, आणि त्यातला पहिला तुमच्या हातून.

लोक म्हणतील, त्यांना माहीत नव्हतं. मीही कैक वर्षं हेच म्हणत आले. पण माहीत करून घ्यायला तुम्हाला किती वेळ लागला असता? एका मुलीचं आयुष्य ठरवताना तुम्ही कुणाला साधं विचारलंही नाही. भूमितीत एक पायरी गाळली तर तुम्ही पूर्ण उदाहरण चूक धरायचात.

आता माझी मुलगी. ती इथे जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली, मराठीपेक्षा गुजराती बरी बोलते. या राज्यात ती अजून बाहेरचीच. ती आठवीत असतानाच मी तिला नियम सांगून ठेवला आणि अकरावीत क्लासला घातलं, पैसे भरून. तिथे एक पोरगी तिला म्हणाली, "तेरा तो हो ही जाएगा." मुलगी मला घरी येऊन सांगते, जेवता जेवता, सहज.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारते. माझा घास हातातच.

"म्हटलं, हाँ, होगा. हक है मेरा. और तू पिछले टेस्ट का अपना रँक बता." आणि ती आणखी वरण मागते.

मी तिला वरण वाढते. स्टाफरूममध्ये मला हे का सुचलं नाही, याचा विचार मी रात्रभर केला.

परवा तिला सीट मिळाली. केंद्राचं कॉलेज, राखीव जागा, फी माफ. तिनं स्क्रीन माझ्यापुढे धरली आणि आम्ही दोघी ओरडलो. शेजारची गुजराती बाई धावत आली, काय झालं म्हणून. आप्पा असायला हवे होते, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिते. स्क्रीनवर कॉलेजचं नाव दिसलं तेव्हा आप्पा मला जरा नंतर आठवले. पहिल्यांदा वाटलं ते हे, की सरांना सांगायला हवं.