डावखुरी गिटार

७ जानेवारी, रविवार

फळी आणली. कारखान्यात टाकाऊ मालात पडली होती, दोन बोटं जाड, एका कडेला थोडी चिरलेली. फोरमनने विचारलं, "काय करणार रे हिचं?" म्हटलं, स्टूल. उगाच खोटं बोललो, पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

बायकोला मात्र खरं सांगितलं. दादासाठी इलेक्ट्रिक गिटार करतोय. तिने फळी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "त्याआधी आपल्या जेवायच्या टेबलाचा पाय बघा जरा, सहा महिने डुगडुगतोय." बरोबर आहे तिचं.

दादाला दुकानातली गिटार चालणार नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलंय, त्या हाताने तारा दाबता येत नाहीत. त्याला उलटी हवी — उजव्याने दाबायच्या, डाव्याने छेडायच्या. तीन दुकानं पालथी घातली, डावखुरी गिटार कुणाकडेच नाही. म्हणून मीच करायची. आयुष्यात कधी केलेली नाही.

८ जानेवारी

दमलो. फळीला हातही लावला नाही.

१४ जानेवारी, रविवार

तारवाल्याकडे गेलो. गिटारी दुरुस्त करतो, दादा वाजवायचा तेव्हा त्याच्याकडेच जायचा. हत्यारं कोणकोणती लागतील विचारलं. बोटांवर मोजायला लागला — लाकडात खोबणी कोरणारं मशीन म्हणजे राउटर, ड्रिल, दांडीवरच्या फ्रेटपट्ट्यांच्या खाचांसाठी बारीक दातांची करवत, लांब सपाट कानस, चार तरी क्लॅम्प, सोल्डरिंगचं सामान. म्हणाला, "बाकी इकडचं तिकडं करून चालेल, पण राउटर नसेल तर या भानगडीत पडू नका. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची खोबण हाताने कोरायची म्हणजे हाडाची काडं."

शेवटी स्वतःचाच राउटर दिला. पिशवीत घालून घरी आणला आणि कपाटावर ठेवून दिला.

दोन वर्षं झाली, मशीनला हात लावलेला नाही. कारखान्यातही आता पॅकिंगलाच असतो. खोकी, चिकटपट्टी, लेबलं. बरं आहे.

२१ जानेवारी, रविवार

आज राउटर काढला. प्लग लावला, बटणावर बोट ठेवलं, आणि तसाच उभा राहिलो. मग गुंडाळून परत पिशवीत.

लिहून टाकतो एकदाचं. रंध्याच्या मोठ्या मशीनवर आम्ही दोघं भाऊ होतो. दादा फळी सारायच्या बाजूला, मी बटणाशी. आत ढलप्या अडकल्या की मी मशीन बंद करायचो, तो हात घालून काढायचा. परत चालू करताना नियम एकच — आधी वर त्याच्याकडे बघायचं, त्याने मान हलवली की मगच बटण. बारा वर्षं असंच केलं. त्या दिवशी बघितलं की नाही, आठवत नाही. खरंच आठवत नाही. आठवून आठवून तो दिवस पार झिजून गेलाय.

फोरमन म्हणाला होता, "लक्ष कुठं होतं तुझं?" वहिनी दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "भावजी, एकदा वर बघायला काय झालं होतं?" दादा काहीच बोलला नाही. आजवर नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्यातून एकदा जातो त्याच्याकडे. तो टीव्ही बघतो, मी त्याचा हात सोडून घरातलं सगळं बघतो.

२८ जानेवारी, रविवार

खोबण पटाशीनेच कोरतोय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक झाली, तीही आगपेटीएवढी खोल. तळवे सोलवटले. तारवाला खोटं बोलला नव्हता.

घरभर भुसा. बायको म्हणते, "डाळीत सापडला आज." तक्रार नव्हती, नुसती बातमी दिली.

४ फेब्रुवारी, रविवार

गिटारीची दांडी वाया गेली. अख्खी!

फ्रेटच्या बावीस खाचा पाडायच्या. मी प्रत्येक खाच तिच्या आधीच्या खाचेपासून मोजली. दर वेळी केसभर चूक, आणि शेवटपर्यंत जाता जाता तीन मिलिमीटर. असल्या दांडीवर एक सूर धड लागायचा नाही. इतकी वर्षं लाकडात काढली आणि हे कळू नये? तारवाल्याला दाखवली तर म्हणाला, "सगळी मापं एकाच टोकापासून घ्यायची असतात. पहिल्या गिटारीला सगळेच इथे आपटतात. आता खिडकीला टेकू म्हणून लावा." बायकोने खरंच लावली. आता येता-जाता दिसते.

दुसरं लाकूड शोधायचं. कंटाळा आलाय. सोडून द्यावं वाटतं. पण सोडून दिलं तर करू काय?

१८ फेब्रुवारी, रविवार

नवी दांडी जमली. खुंट्यांची भोकं मात्र हाताने होईनात, ड्रिल चालवावंच लागलं. बायकोला दांडी धरायला बसवलं. बोट बटणावर ठेवून तिच्याकडे बघत राहिलो.

"काय बघताय?"

"मान हलव."

"कशाला पण?"

"हलव ग."

तिने हलवली. दाबलं. सहा भोकं, सहा वेळा. शेवटच्या भोकाला म्हणाली, "अजून दोन असती तर मान लचकली असती माझी." हसलो. ती उठून गेल्यावर प्लग काढला, ड्रिल जमिनीवर ठेवलं आणि तिथेच बसलो.

१९ फेब्रुवारी

कामावर चाळीस खोक्यांना उलटी लेबलं चिकटवली. फोरमन रागावला नाही. तो हल्ली मला रागावतच नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

सोल्डरिंग. अंगठा भाजला. सगळ्या वायरी जोडून एक तार चढवली, तारवाल्याकडून आणलेल्या स्पीकरला जोडून छेडली — आवाजच नाही. दोन तास डोकं खाजवलं. तारा टेकतात त्या पुलाखालून जाणारी एक वायर उघडी राहून दुसरीला टेकत होती, एवढंच. ती नीट केल्यावर वाजली. आवाज मोठा आला, शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. मी त्यांना सॉरी म्हटलं आणि दार लावून परत एकदा छेडली.

३ मार्च, रविवार

पॉलिश वाळलं. सहाही तारा चढवल्या. चिरलेली कड बुजवली तरी दिसतेच.

आता भीती वाटते. दादा घेणारच नाही. किंवा घेईल आणि टीव्हीशेजारी उभी करून ठेवेल. मला नक्की हवंय काय? त्याने एकदा म्हणावं, जाऊ दे रे, झालं ते झालं. बस. तेवढ्या एका वाक्यासाठी दोन महिने लाकूड पोखरत बसलोय. गिटार त्याच्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त आहे, हे आज कबूल करून टाकतो.

१० मार्च, रविवार

दादाकडे नेली. मांडीवर घेतली त्याने. डावखुरी आहे हे लक्षात यायला जरा वेळ लागला. लक्षात आल्यावर तोंड फिरवलं.

वहिनी आत गेल्यावर म्हणाला, "तू वर बघितलं होतंस. मी मान हलवली होती. मग अजून एक ढलपी दिसली, म्हणून परत हात घातला."

"मग इतके दिवस —"

"सगळे तुला बोलत होते, मला कुणीच नाही. मी गप्प राहिलो. तेवढंच बरं वाटायचं रे."

चपला घातल्या आणि निघालो. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने तीनदा विचारलं, "म्हणजे तुम्ही बघितलं होतं?"

तीनदा म्हणालो, बघितलं होतं.