अण्णांनी सांगितलेले शेवट

अण्णा,

काल सकाळपासून आज रविवारच्या दुपारपर्यंत मी नुसते सिनेमे बघत होतो. तुमची सून आणि नात पुण्याला लग्नाला गेल्या आहेत, सर्जापूर रोडच्या या नवव्या मजल्यावर मी एकटा आहे, आणि आता टीव्हीवर जुना कुठलाही सिनेमा हवा तेव्हा लावता येतो. दूध उतू गेलं, कामवाली बेल वाजवून कंटाळून परत गेली, अंघोळीला दुपारचे तीन वाजले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, 'डोळे आहेत की बटाटे?' काल एकामागून एक चार सिनेमे संपवले. चारही तुम्हीच आम्हाला लहानपणी दाखवलेले, आणि चारही सिनेमांचा शेवट मी कधी बघितलेला नव्हता. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी वडिलांना पत्र लिहायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं, पण आज अक्काने जे सांगितलं ते ऐकून दुसरं काय करावं ते सुचत नाही. आणि माझ्या मराठीला हसू नका. बायको पुण्याची. आपल्या घरचं कन्नड 'स्वल्प' आणि 'सरी' तिने बावीस वर्षांत माझ्या तोंडातून तांदळातल्या खड्यांसारखं निवडून काढलं आहे.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि अक्का अकरा. यशवंतपूरच्या वठारात आपली दोन खोल्यांची जागा, एका अंगणाभोवती सात घरं आणि सातांना मिळून एक नळ. रविवारी तुम्ही सकाळीच भातावर लिंबू पिळून चित्रान्न करायचात, शेंगदाणे नेहमी जरा जळलेले, आणि डबा घेऊन आपण तिघे मॅजेस्टिकला दुपारच्या खेळाला जायचो. मला तुमच्या डाव्या हाताची खुर्ची. तुमच्या शर्टाला रविवारीसुद्धा लेथच्या तेलाचा वास यायचा. सिनेमा अगदी रंगात यायचा, खलनायक आता सापडणार, आणि तुम्ही माझ्या गुडघ्यावर थाप मारायचात, 'उठा, उठा, बस चुकेल. नंतर फार गर्दी होते.' मी रडकुंडीला यायचो. लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात आपण बाहेर. कधी कधी मात्र शेवटपर्यंत बसू द्यायचात. 'आज गर्दी नाही' म्हणायचात, आणि बाहेर आलो की बस अशी गच्च भरलेली असायची की पाय ठेवायला जागा नाही. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

ज्या दिवशी लवकर निघायचो त्या दिवशी शेवट तुम्ही बसमध्ये सांगायचात. उभ्याने, एका हाताने वरची दांडी धरून, दुसऱ्या हाताने पिस्तूल, तलवार, डॉक्टरची नळी, सगळं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, त्यामुळे आजूबाजूची माणसंही ऐकायची. एक कंडक्टर होता, तो तिकिटं फाडायची सोडून 'आमेले?' विचारायचा, मग पुढे काय झालं म्हणून. तुमच्या शेवटात गोळी आईच्या खांद्याला चाटून जायची. डॉक्टर ऐन वेळी यायचा, इंजेक्शन द्यायचा, चार दिवसांनी आई चालत घरी यायची. आणि मग सगळे जेवायला बसायचे. सिनेमा डाकूंचा असो की देवांचा, शेवटी पान वाढलेलं असायचंच. मला तेच खरे शेवट वाटत होते. चार वर्षं वाटत होते.

तो दिवस तुम्ही विसरला असाल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मी नऊ वर्षांचा होतो. आपण रविवारी अर्धवट सोडलेला सिनेमा समोरच्या घरातली दोन भावंडं बघून आली होती, आणि मी त्यांना ऐटीत सांगायला गेलो की आई बरी होते, मुलगा तिला खांद्यावरून घरी आणतो. ती पोरं पोट धरून हसली. 'ती मरते. जाळतात तिला. तू सिनेमा बघितलास की झोपला होतास?' मी तसाच नळापाशी आलो. तुम्ही बादली भरत होता, आजूबाजूला सगळ्या घरच्या बायका घागरी घेऊन उभ्या. मी सगळ्यांदेखत ओरडलो, 'तुम्ही खोटारडे आहात. तुम्हाला शेवट माहीतच नसतो. बघितलेलाच नसतो तुम्ही, आणि मनाला येईल ते सांगता.' बायका हसायला लागल्या. तुम्ही नळ बंद केलात, माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, 'हौदप्पा, खरं आहे तुझं. नाही बघितला मी. मनानेच सांगितलं. चुकलं माझं.' एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी चित्रान्नाचा डबा अक्काच्या हातात देऊन म्हणालात, 'तुम्ही दोघं जाऊन या. माझं डोकं दुखतंय.' त्यानंतर तुम्ही आमच्याबरोबर कधी आला नाहीत. पुढे घरात टीव्ही आला, तेव्हाही सिनेमा संपत आला की उठून तुळशीला पाणी घालायला जायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सिनेमाची गोडीच उरली नाही.

काल पहिला सिनेमा संपला तेव्हा मी एकटाच हसलो. तुम्ही काय ठोकून दिलं होतं आणि निघालं काय! दुसऱ्याच्या शेवटीही आई मेली. तिसऱ्याच्याही. त्या काळी सिनेमात आया फार मरायच्या हे खरं, पण चौथ्याला मी नीट बसून घड्याळ बघितलं. तुम्ही आम्हाला कुठल्या गाण्यानंतर उठवलं होतं ते मला पक्कं आठवत होतं. तिथून सातव्या मिनिटाला ती पलंगावरून खाली कोसळली. मी अक्काला फोन लावला. ती म्हणाली, 'घरात बसून काय डोळे फोडून घेतोस? उद्या ये की. इथे मॉलमध्ये आपला एक जुना पुन्हा लागलाय.'

म्हणून आज जयनगरला गेलो. अक्काचे गुडघे गेलेत आता, पायऱ्यांवर माझा हात धरून चढली. थिएटरात आमच्यासारखेच दहा-बारा केस पिकलेले लोक. सिनेमा संपत आला, आई खाटेवर खोकायला लागली, तशी अक्का पिशवी उचलून उभीच राहिली. 'चल, ऊठ.' मी म्हटलं, 'अगं बस, आता कुठली बस चुकतेय?' तिने अंधारातच माझा दंड धरून मला उठवलं.

'कसली बस रे? अजून तुला बसच वाटते काय?'

बाहेर पॉपकॉर्नच्या वासात, एका बाकावर बसून तिने सांगितलं. 'शनिवारी अण्णांचा ओव्हरटाइम असायचा, आठवतो काय? ओव्हरटाइम नव्हे ते. अर्ध्या दिवसाचं काम संपलं की एकटे थिएटरला जायचे. उद्याच्या सिनेमात आई मरते काय, ते बघून यायचे. मरत असली तर आपल्याला उठवायचे. नसली तर बसू द्यायचे.'

'तुला कसं माहीत?'

'शर्ट धुताना खिशात तिकीट सापडलं. मी भांडले की, आम्हाला सोडून एकटे जाता म्हणून. तेव्हा बोलले. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. स्वल्प मोठा होऊ दे त्याला, म्हणाले.'

'मग मोठा झाल्यावर का नाही सांगितलंस?'

'तू कधी मोठा झालास तेच कळलं नाही रे,' ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, 'नळावरच्या त्या दिवसानंतर शनिवारी दुपारीच घरी यायला लागले. मला फार वाईट वाटायचं.'

म्हणजे सगळे शेवट तुम्ही बघितले होते, अण्णा. सहा दिवस लेथवर उभं राहून सातव्या दिवशीच्या आमच्या सिनेमासाठी तुम्ही अंधारात एकटे बसून बघितले होते. तुमची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हापासून. प्रत्येक शनिवारी तुम्ही ती खाट बघितलीत, ती चिता बघितलीत, आणि घरी येऊन आमच्यासाठी भात टाकलात. आणि मी सात घरांसमोर म्हणालो की तुम्हाला काही माहीत नाही. नुसतं 'बघितलाय रे मी' एवढं म्हणाला असतात तरी त्या बायकांचं हसणं थांबलं असतं. पण मग मी विचारलं असतं, की मग खरा शेवट का नाही सांगितलात. तेवढ्यासाठी तुम्ही सगळ्यांसमोर खोटारडे ठरलात. आज मी तुमची माफी मागतो आहे. माफी मागायला मी एकोणीस वर्षं उशीर केला, त्याआधीची तीस वर्षं तुम्ही समोर होता तेव्हाही मागितली नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. ती दोन पोरं हसली म्हणून मी तुमच्यावर ओरडलो नव्हतो. आई गेली तेव्हा मला कुणी धड सांगितलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात आहे, एवढंच. तुमच्या शेवटांत एकेक आई दवाखान्यातून घरी येत होती आणि आपलीही येणार हे मी धरून चाललो होतो. सिनेमातली आई मरते हे त्या दिवशी कळलं, आणि नळापर्यंत येता येता आपल्या आईचं काय झालं तेही कळलं. ते तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून तुम्हाला खोटारडे म्हणालो.

रविवारी बसमधून उतरलो की मी तुमचा हात सोडून वठाराकडे पळत सुटायचो. तुम्ही मागून अक्काला म्हणायचात, 'बघ, भूक लागली पोराला.' मला भूक नसायची, अण्णा. आपल्या दाराला कुलूप आहे की दार उघडं आहे, ते बघायला पळायचो.