एकटीची शिफ्ट

८ फेब्रुवारी १९९८
तीनदा ओकले. तरी भात केला! मुंबई सुटून एकच दिवस झालाय. चहूकडे नुसतं पाणी, शिडाची बोट एका कुशीवर झुकलेली, आणि मी टोपाला मिठी मारून शेगडीपुढे. गुणाजीकाकांनी दोनदा वाढून घेतलं. "नेव्हीत पंचवीस वर्षं काढली गो शांते, पहिल्या दिवशी गरम भात कुणी दिला नाय." काका रोह्याचे, बोटीचे कप्तान. एका शेठची ही बोट सेशेल्सला पोचवायची. आम्ही तिघंच — काका, त्यांचा पुतण्या केरू, आणि मी स्वैपाकाला.

१० फेब्रुवारी
भांडी समुद्राच्या पाण्यात. आंघोळपण. गोडं पाणी फक्त पोटात.
सुकाणू धरायला मिळतं, पण शेजारी कुणीतरी बसलेलं. आज काकांना सरळ विचारलं — एकटीला शिफ्ट कधी? म्हणाले, "तुझ्या हातून बोटीला काय झालं नाय, तर पोचायच्या आत देतो." केरू खिदळतोय — "धाटावच्या कंपनीत कँटीन सांभाळणारी बोट हाकणार!" व्हय, हाकणार! बघच तू.

१३ फेब्रुवारी
आजचा दिवस माझा!
दुपारी तळातला पंप आपोआप सुरू झाला, थांबेचना. बोटीच्या पोटात पाणी! केरू भोक शोधत सरपटतोय, काकांचं तोंड उतरलेलं. मी त्या डिझेलच्या वासाच्या पाण्यात हात बुडवला आणि चाटला. बापाच्या मिठागरात हेच करत वाढले. कुठल्या वाफ्यात मीठ कधी धरणार ते जिभेवरून सांगते. "काका, ह्ये खारं नाय! गोडं हाय! आपलंच प्यायचं पाणी गळतंय, नि पंप ते समुद्रात फेकतोय!"
पंप बंद, टाकीची तोटी बंद. निम्मी टाकी वाचली. जपून वापरलं तर पुरेल. काकांनी पाठ थोपटली — "मिठागरवाल्याची पोर!" केरूने चक्क हात जोडले. पेणच्या खाडीतून इथवर माझ्यासारखी कोण आलीय? सांगा!

१४ फेब्रुवारी
टाकीचा पाइप निसटलाय. काकांनी बॅटरी मारून पाहिलं, मग हात बारीक म्हणून मला आत घातलं. पाइपाला टेकून माझीच पिशवी! बापाचं मीठ, पाच किलो. परमुलखात निघालं की आपल्या मिठागराचं मीठ बरोबर घ्यायचं, तिथलं पहिलं जेवण त्याचंच — आमच्या घरची रीत. कुणाला न विचारता मी ती फळ्यांखाली कोंबली होती. बोट हेलकावली की ती पाइपावर आपटणार नाय तर काय!
पाइप बसवला. पिशवी ओढणीत गुंडाळून काढली. केरू बोट बांधणाऱ्यांना शिव्या घालतोय. मी गप्प. बोलले तर शिफ्ट गेली.

१५ फेब्रुवारी
केरू आता मला 'मास्तर' म्हणतो. घास उतरत नाय.

१६ फेब्रुवारी
सांगून टाकलं! पिशवी काकांपुढे ठेवली. केरू ओरडला, "अख्खा समुद्र पडलाय, तुला मीठ कमी पडलं काय गो?" काकांनी शिफ्टचं नाव काढलं नाय. खूप रडले. पण जेवले पोटभर.

१९ फेब्रुवारी
दुपारी काकांनी सुकाणू हातात दिलं आणि खाली जाऊन झोपले. केरूपण खाली. मी एकटी!
सुकाणूवर असेल त्याने बोटीच्या वहीत नोंद करायची. वही उघडली. मागे फक्त कप्तानाने लिहायचं पान, त्यावर काकांचं अक्षर — "गळती. पाइपाशी मिठाची पिशवी. निघताना सामान मी तपासलं नाही. चूक माझी."
तारीख चौदा. मी सोळाला बोलले.