नवे कप

ती. आईस,
देवासहून रुचाचा नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सिंधहून आलेल्या निर्वासितांसाठी संस्था चालवणारे शरदकाका-शशिकलाकाकू कसे आहेत, असं तू विचारलंस. चांगलेच असावेत. पण काकू तिथल्या बायकांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी बोलावतात, आणि त्यांनी उलट बोलावलं की दारातूनच परततात. म्हणे घाई असते! माझ्या खोलीवर काकू बऱ्या तासभर बसतात. मला काही ते पटत नाही.

काल त्या निर्वासितांच्या वस्तीतली जमनाबाई म्हणाली, "दीदी, अंदर बैठो ना." मी बसले. तिनं चहाला नवे कप काढले. "काकूजी के लिए लाई थी, दो साल हुए," म्हणाली.

कपांवरची लेबलं अजून तशीच होती.

तुझी,
रुचा