मावशीचा कॉम्प्युटर का बंद पडतो

८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नमस्कार साष्टांगच घालतो आहे, पण जरा कण्हत, कारण गेले काही दिवस मी जेवणाच्या टेबलावर वाकून तुझा कॉम्प्युटर जोडत होतो. झाला एकदाचा! दुकानात तयार मिळणाऱ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक भाग पारखून आणला आणि या हातांनी बसवला. टेबलावर तारा आणि स्क्रूंचा पसारा, त्यामुळे घरातल्यांना मांडीवर ताट घेऊन जेवावं लागलं. बाबांनी विचारलं की हे घर आहे की गॅरेज. मी म्हटलं, काय हवं ते म्हणा, पण मावशीचं काम अडता कामा नये.

बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात पडदा उजळला. मी फोटो काढला, झाकण लावलं, स्क्रू पिळले, विषय संपला. तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, की जोडून झाल्यावर कुणाकडून तपासून घेशील ना, दिवसभर चालवून पाहशील ना. अगं मावशी, हा काही तुझा छापखाना नव्हे, एकच पान तीनतीनदा वाचायला! चालू झाला म्हणजे झाला.

आता छापखान्याच्या मालकांना बेधडक कळव, की तपासायची पानं कागदावर नकोत, खुशाल फाइल करून पाठवा. त्यांचा तो वनस्पतिकोश तुझ्याच डोळ्यांखालून जाणार बघ. रविवारी घेऊन येतो. खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेव.

लोभ तर तुझा आहेच, या खेपेला चार शब्द कौतुकाचेही येऊ द्यावेत.

तुझा,
खटपट्या


२० जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

कौतुक मागितलंस ना, घे पोटभर. तू गेल्यावर शेजारच्या शिक्षिकाबाई मुद्दाम बघायला आल्या. माझ्या भाच्याने घरी बसून जोडला असं मी त्यांना सांगितलं, एकदा नाही, बहुतेक चारदा. त्या म्हणाल्या, असा हुशार भाचा असायला नशीब लागतं. मी नुसती फुलून गेले.

आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून बोलण्यासारखी नाही, म्हणून पत्रच बरं. तुझा कॉम्प्युटर मी बिघडवला आहे. साधं काही टाइप करत बसले तर चालतो, पण मालकांनी पाठवलेला कोशाचा पहिला भाग उघडला, की फोटोंनी भरलेली दहा-बारा पानं होतात न होतात तोच पडदा काळा. पुन्हा लावायचा, पुन्हा तेच. केलेल्या दुरुस्त्याही जातात. काल तर मी टेबलाशी बसून चक्क रडले, या वयात!

माझं कुठे चुकलं ते आठवून आठवून डोकं शिणलं. चष्म्याच्या फडक्याने तो डबा पुसला, ते चुकलं असेल. एकदा गुडघा लागला होता. बटण मी जरा जोरात दाबते, हे तर तूही म्हणाला होतास. तुझ्या एवढ्या मेहनतीची वस्तू मला धड आठवडाभर सांभाळता आली नाही, याची फार लाज वाटते रे.

मालकांनी स्पष्ट सांगितलं आहे, की कागदावरची मुद्रितं आता बंद. हा कोश मला जमला तर पुढचं काम माझंच, नाही जमला तर त्यांचाही नाइलाज आहे. सगळा जन्म मी प्रुफं तपासली. हे काम गेलं तर मी करू काय? घरात बसून भिंतींच्या चुका काढू? जमेल तेव्हा येऊन जा, पण रागावू नकोस.

लोभ कमी झाला असेल तर तो माझ्या हाताने झाला, तरी थोडा शिल्लक ठेव.

तुझी,
मावशी


२५ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. अगं, कॉम्प्युटर आहे तो, पितळेचा डबा नव्हे घासूनपुसून ठेवायला! माझ्या जोडणीत खोट असती तर तो पहिल्याच दिवशी बसला असता. माझ्यासमोर तर छान चालला. तेव्हा गडबड कुठे आहे ते तुझं तुलाच कळेल. तू घाबरून एकाच वेळी दहा ठिकाणी क्लिक करत असणार, आणि खाली पायाने तारा ढकलत असणार.

जेवताना मी सगळ्यांना सांगितलं की मावशीने हात लावला की कॉम्प्युटर मान टाकतो. बाबांची हसून पुरेवाट झाली. आई म्हणाली, लहानपणी घरातला रेडिओही हिनेच बिघडवला होता. आता घरात काहीही बंद पडलं, की मावशी येऊन गेली का, असं विचारायची पद्धतच पडली आहे. बाथरूमचा दिवा गेला, तेव्हाही बाबांनी विचारलं! चिडू नकोस, गंमत आहे.

ऑफिसच्या कामामुळे लगेच निघता येत नाही. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो आणि एकदाचं बघून टाकतो. तोवर त्याला हात लावू नकोस. खरंच सांगतो, अजिबात नको.

लोभ जागच्या जागी आहे, त्याला काही तू हात लावला नाहीस!

तुझा,
खटपट्या


१० फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू येऊन गेल्यापासून कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही. मी मुद्दाम कोशाची तीच पानं उघडून पाहिली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गुणी बाळासारखा चालतो आहे. तुझे हात चांगले आहेत बाबा. काय झालं होतं ते तू सांगितलं नाहीस, किरकोळ होतं म्हणालास, ते माझी अब्रू राखायला हे मला समजलं. ताई आणि शिक्षिकाबाई समोर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे तू मला फाडून खाल्लं असतंस तरी मी काय बोलणार होते? पण तू एक वावगा शब्द काढला नाहीस. आलास तसा तोंड मिटून गेलास. नीट जेवलासही नाहीस. इतका वैताग दिला का रे मी तुला?

एक गोष्ट तुला त्या दिवशी सांगितली नाही, कारण ताईने पुन्हा रेडिओ काढला असता. तू हात लावू नकोस म्हणालास, आणि इकडे मालकांचा निरोप आला की पानं कधी देता. मी स्वतः छापखान्यात गेले आणि सांगितलं, की मला हे जमत नाही, यंत्र माझ्या हातून बिघडतं. मग कोश त्यांनी दुसऱ्या एका बाईंना दिला. मी निघाले तर अक्षरजुळणी करणारी मंडळी उठून उभी राहिली. मला कुणाकडे बघवेना.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या कामाची रीतच आहे, की छापून आलेल्या पुस्तकात चूक राहिली तर ती मुद्रितं वाचणाऱ्याची. लेखकाने केली की अक्षरं जुळवणाऱ्याने, हे कुणी विचारत नाही आणि वाचणाऱ्यानेही सांगायचं नाही. मान खाली घालायची. त्यामुळे मला सवय आहे.

कॉम्प्युटर वाया गेलेला नाही. त्यात पत्त्यांचा एक खेळ सापडला आहे. दुपारची तो खेळते.

लोभाबद्दल या वेळी काय मागू, तू तो जरुरीपेक्षा जास्तच दाखवलास.

तुझी,
मावशी


१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. थट्टा सुचत नाही. सरळ सांगतो.

तू काहीही बिघडवलं नव्हतंस. कॉम्प्युटरचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, काम करताना तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात. कारखान्यातून येताना त्या ठोकळ्याच्या तळाला पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते सोलायचं आणि मगच तो बसवायचा. मी ते सोललंच नव्हतं. त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडेना. थोडं टाइप करण्यापुरतं निभावत होतं. तू फोटोंची जड पानं उघडलीस की तो भलताच तापायचा आणि जळू नये म्हणून आपला आपण बंद व्हायचा. तुझा गुडघा, तुझं फडकं, तुझं बटण दाबणं, कशाचाही काडीइतका संबंध नव्हता. दिवसभर चालवून पाहिला असता तर माझ्याच टेबलावर कळलं असतं. त्या प्लास्टिकवर ठळक अक्षरांत छापलंय, की बसवण्याआधी काढा. मी वाचलं नाही.

त्या रविवारी झाकण उघडून ठोकळा उचलला आणि ते मला दिसलं. मी ते मुठीत चुरगाळलं आणि खिशात घातलं. तेव्हाच सांगणार होतो. पण शिक्षिकाबाई मला हुशार भाचा म्हणत होत्या, आई हसत होती, आणि तू माझ्याआधीच सगळं स्वतःवर घेऊन बसली होतीस. माझी जीभच उचलली नाही. माझ्या तोंडाला कुलूप होतं ते वैतागाने नव्हे मावशी, शरमेने.

काल छापखान्यात जाऊन मालकांना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर मान वर करता आली नाही. ते म्हणाले, की दिलेलं काम त्या बाईंच्या हातून काढून घेणं बरोबर नाही, कोश आता त्याच करतील.

आईबाबांना अजून बोललो नाही. बाबा मला जन्मभर सोडणार नाहीत. तू एवढ्यात त्यांना लिहू नकोस, वेळ बघून मीच सांगेन.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.

तुझा,
खटपट्या


२१ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद पूर्ण देते आहे, त्यात काटछाट नाही. बाकीचं मात्र ऐकून घे.

प्लास्टिक राहिलं, राहिलं. मी जन्मभर चुका बघत आले, शहाण्यासुरत्या माणसांच्या हातून काय काय राहतं ते मला विचार. बघत नाही म्हणून राहतं, दुसरं काही नाही. त्याबद्दल तुला एक शब्द बोलणार नाही.

पण त्या दिवशी मी तुझ्यामागे उभी राहून माफी मागत होते. तुझ्या मुठीत ते प्लास्टिक होतं. आणि तू मागे वळून काय म्हणालास, आठवतं? पत्रात तेवढं तू लिहिलेलं नाहीस. तू म्हणालास, असू दे मावशी, होतं असं. तू मला क्षमा केलीस रे! आणि मी ती घेतली. तुम्ही निघालात तेव्हा ताईला हळूच म्हणाले, बघ, पोराचं मन किती मोठं आहे.

मालक काल घरी येऊन गेले. कोश गेला तो गेला. परीकथांचं एक लहानसं पुस्तक आहे, ते वाचून बघा म्हणाले, जमलं तर पुढचं बघू. म्हणजे इतक्या वर्षांनंतर मी पुन्हा परीक्षेला बसायचं. बसेन. पहिली पानं वाचूनही झाली. कॉम्प्युटर चांगला चालतो आहे, खोटं कशाला सांगू.

ताईला मी लिहिणार नाही, ते तुझं काम. पण वेळ बघून वगैरे मला चालणार नाही. या रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येते आहे. सगळे टेबलाशी बसले की तू सांगायचंस, भावोजींसमोर, ताईसमोर, पहिल्यापासून. त्यांना हसायचं असेल तर हसू देत. सांगता सांगता तू माझ्याकडे बघशील. मी समोरच बसलेली असेन. पण असू दे, असं मी म्हणणार नाही.

लोभाचं जेवण झाल्यावर बोलू.

तुझी,
मावशी